खुपरीपासून गर्भनलिकेपर्यंत

‘खुपरी’ हा शब्द ऐकला नाही असा वयस्क माणूस आपल्या जुन्या घरांत विरळाच. पापणीच्या आतल्या बाजूस पुरळ, वारंवार लाली, मग व्रण, पापणी आत वळणे आणि शेवटी अंधत्व, हा त्या रोगाचा क्रम. त्याच जंतूचा दुसरा इतिहास मात्र घरांतून कधी बोलला गेला नाही. तो स्त्रियांच्या गर्भनलिकेचा आहे.

१९०७ साली जावा बेटावर हाल्बरस्टेटर व फॉन प्रोवाझेक यांना खुपरीच्या रुग्णांच्या डोळ्यांतील पेशींत सूक्ष्म कणपुंज दिसले. ते आवरणात गुंडाळल्यासारखे भासले, म्हणून झग्यासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून नाव पडले; आजचे ‘क्लॅमिडिया’ त्यातलेच. हा जंतू पेशीच्या पोटातच वाढतो. तो प्रयोगशाळेत वाढविणे बीजिंगच्या तांग फेइफान यांना साधले ते थेट १९५० च्या दशकात, कोंबडीच्या अंड्यात. १९५९ मध्ये लंडनला त्याचाच भाऊबंद डोळे आलेल्या एका अर्भकाच्या मातेच्या गर्भाशयमुखात सापडला.

पुढच्या दशकात खुपरीवर लसीचे प्रयोग झाले. संरक्षण मिळाले ते अल्पकाळ; उलट काही माकडांत लसीनंतर पुन्हा संसर्ग होताच दाह अधिकच भडकला. इजा जंतू करतो, की त्याला हाकलण्यास धावलेले आपलेच शरीर, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

१९७७ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे मोर्ड, वेस्ट्रम व सहकाऱ्यांनी सुजलेल्या गर्भनलिकांतून हाच जंतू मिळविला. नलिकेला आतून हलणारी सूक्ष्म लव असते; बीज पुढे सरकते ते तिच्यामुळे. संसर्ग पुनःपुन्हा झाला, की पांढऱ्या पेशींच्या दाहात ही लव नष्ट होते, व्रण वळतात. नलिका पूर्ण बुजली तर गर्भच राहत नाही. अर्धवट बिघडली तर धोका अधिक, कारण फलित बीज वाटेतच अडकून तेथेच रुजते. वेस्ट्रम यांच्या १९९२ च्या अहवालात, ज्यांना नलिकादाह होऊन गेला होता (कारण कोणतेही असो) त्यांच्या पुढील पहिल्या गर्भधारणेत अस्थानी गर्भाचे प्रमाण ९.१ टक्के होते; निरोगी नलिका असलेल्यांत १.४.

जंतूच्या एका प्रथिनाचे आपल्याच प्रथिनाशी बरेच साम्य आहे. त्याविरुद्धची प्रतिपिंडे अस्थानी गर्भ राहिलेल्या स्त्रियांत अधिक आढळली, तेव्हा शरीर स्वतःवरच उलटते असे अनेकांस वाटले. आम्हांस मात्र ही प्रतिपिंडे गुन्हेगार कमी आणि दीर्घ संसर्गाची साक्षीदार अधिक वाटतात. २०११ मध्ये एडिंबराच्या संशोधकांनी आणखी एक धागा दिला: संसर्ग होऊन गेलेल्या नलिकेत गर्भ रुजण्याशी संबंधित एक ग्राहक प्रथिन वाढलेले असते.

बहुतेक स्त्रियांना या संसर्गाचे कोणतेच लक्षण जाणवत नाही. तो अनेकदा पतीकडून आलेला, त्यालाही ठाऊक नसलेला. तरी ‘कूस उजवली नाही’ हा बोल तिलाच लागे. आता साध्या तपासणीत जंतू सापडतो, डॉक्सिसायक्लिनने मरतो, आणि वैद्य दोघांनाही औषध देतात. नलिकेतले व्रण मात्र त्या औषधाने जात नाहीत.