डाव एकदाच चालतो: उंबरखिंड, पेण आणि चित्रपटांचे ‘भाग दोन’

१/ गाजलेल्या मारधाडपटाचा दुसरा भाग आला की चाहते पहिल्याच दिवशी गर्दी करतात आणि बहुधा हिरमुसून परततात. खर्च अधिक, स्फोट अधिक, तरी रंग का भरत नाही? उत्तरासाठी आधी रायगड जिल्ह्यात जाऊ. #धागा

२/ २ फेब्रुवारी १६६१. शाहिस्तेखानाने धाडलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात येत होता. सोबत रायबाघन होती. उंबरखिंडीच्या अरुंद, दाट झाडीच्या वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला पुढून-मागून कोंडले. अखेर खानाने शरणागती पत्करून वाट मागून घेतली.

३/ याच परिसरातून उतरणारी अंबा नदी रोहा तालुक्यातील नागोठण्यावरून पेणच्या बाजूला, धरमतरच्या खाडीत जाते. पुढच्याच वर्षी, १६६२ मध्ये, याच पेण भागात मिऱ्या डोंगराकडे महाराजांनी नामदारखानाच्या मोगली फौजेवर चाल केली. तेथील झुंजीत वाघोजी तुपे जखमी झाले. उंबरखिंड सर्वांना ठाऊक आहे. पेण मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहे.

४/ पेणला उंबरखिंडीची पुनरावृत्ती होणे शक्य नव्हते. गनिमी काव्याचे बळ शत्रूच्या अज्ञानात असते आणि एकदा पोळलेला शत्रू सावध होतो. म्हणूनच १६५९ ची प्रतापगडची भेट, १६६१ ची खिंड, ५ एप्रिल १६६३ ची लाल महालातील रात्र आणि १६६६ ची आग्र्याहून सुटका, या चारांत एकही डाव दुसऱ्यांदा टाकलेला दिसत नाही.

५/ प्रेक्षकही शत्रूप्रमाणेच शिकतो. ‘सिंघम’ (२०११) आठवा. हा मूळच्या तमिळ ‘सिंगम’चा (२०१०) हिंदी अवतार. शिवगडचा बाजीराव बदली होऊन गोव्यात येतो. गाव परके, वरिष्ठ दबलेले, जयकांत शिक्रेची सत्ता सर्वत्र. तो हरू शकतो, ही भीती खरी वाटते. म्हणून त्याची डरकाळीही खरी वाटते.

६/ ‘सिंघम रिटर्न्स’मध्ये (२०१४) तोच बाजीराव मुंबईत पोलीस उपायुक्त आहे. हुद्दा वाढला, शहर मोठे झाले, धोका मात्र घटला. ‘सिंघम अगेन’मध्ये (२०२४) तर मदतीला इतके वीर धावून येतात की तो एकटा पडतच नाही. तिकीटबारीचा हिशेब वेगळा. पहिल्या भागाची सर नंतरच्या भागांना नाही, असे मानणारे चाहते पुष्कळ आहेत.

७/ हॉलिवूडचीही हीच गत. ‘डाय हार्ड’मधला (१९८८) जॉन मॅक्लेन एका इमारतीत अडकलेला, अनवाणी, काचांनी तळवे रक्ताळलेला पोलीस होता. २००७ च्या चौथ्या भागात तोच लढाऊ विमानाला पुरून उरतो.

८/ अपवाद आहेत आणि तेच नियम समजावून देतात. ‘टर्मिनेटर २’ने (१९९१) पहिल्या भागातील मारेकरी यंत्राचेच रूप रक्षक म्हणून उभे केले आणि समोर अधिक चपळ वैरी आणला. नाव जुने ठेवले, डाव नवा टाकला.

९/ मग निर्माते जुनाच डाव का टाकतात? ओळखीच्या नावावर पैसा लावणे कमी जोखमीचे वाटते. ही रीत आजची नाही. मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने १९३५ साली नादियाला घेऊन ‘हंटरवाली’ काढला. होमी वाडियांच्या बसंत पिक्चर्सने १९४३ मध्ये ‘हंटरवाली की बेटी’ आणला.

१०/ आपल्यासाठी हा प्रश्न करमणुकीपुरता नाही. मराठी पडद्यावर शिवकाल आता मालिकेसारखा, एकामागून एक चित्रपटांतून येतो आहे: ‘फर्जंद’, ‘फत्तेशिकस्त’, ‘पावनखिंड’, ‘शेर शिवराज’, ‘सुभेदार’. अनेक मुलांची इतिहासाशी पहिली भेट येथेच होते. प्रत्येक नव्या चित्रपटात मावळा अधिक अजिंक्य होत गेला, तर विजय आधीच ठरलेला वाटू लागेल. मग महाराजांना प्रत्येक वेळी नव्याने विचार का करावा लागला, हे त्या मुलांना कळणार नाही.

११/ म्हणून उंबरखिंडीबरोबर पेणही सांगावे. तिथे जखमी झालेल्या वाघोजी तुप्यांना आपण जिंकणारच, याची कोणी हमी दिलेली नव्हती.

तुमच्या पाहण्यात असा कोणता ‘भाग दोन’ आहे, ज्याने खरोखर नवा डाव टाकला? जरूर लिहा.