मैलाचे मोल

गेल्या भाऊबीजेला बहिणीकडे गेलो, तेव्हा तिच्या अंगणात रांगोळीच्या दोन अंगांना दोन मोटारी उभ्या होत्या. एक दाजींची, दहा वर्षे वापरलेली, पेट्रोलची. दुसरी भाच्याची, नवी कोरी, विजेची. ओवाळून झाले आणि मी पाटावरून उठतो न उठतो तोच बापलेकांचा वाद माझ्यापुढे आला.

"मामा, तुम्हीच न्याय करा," असे म्हणून भाच्याने कागदावर आकडे मांडले. बाबांच्या गाडीला शंभर किलोमीटरला सव्वासहा लिटर पेट्रोल लागते. मुंबईत २०२४ साली लिटरला १०३-१०४ रुपये पडत होते, म्हणजे झाले सुमारे ६५०. माझ्या गाडीला तेवढ्याच अंतराला पंधरा युनिटे वीज; युनिट दहा रुपयांचे धरले तरी १५०. "आता बोला!"

दाजी शांतपणे म्हणाले, "आणि गाडी घेताना माझ्यासारखीपेक्षा तीन लाख जास्त मोजलेस, ते कोणत्या खात्यात लिहिलेस?"

मी पडलो इतिहासाचा मास्तर. आकडेमोडीत माझी गती बेताचीच. परंतु हा वाद ऐकताच माझी त्याच्याशी जुनी ओळख निघाली. वाचकहो, हा वाद त्या अंगणात जन्मला नाही. तो सव्वाशे वर्षांचा आहे, आणि एकदा त्याचा निकालही लागून गेलेला आहे.

विजेची मोटार ही आपल्या काळाची नवलाई आहे, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात १९०० साली अमेरिकेत ज्या ४,१९२ मोटारी तयार झाल्या, त्यांपैकी १,६८१ वाफेच्या होत्या, १,५७५ विजेच्या, आणि पेट्रोलच्या अवघ्या ९३६! त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८९९ च्या एप्रिलमध्ये, कामिय जेनात्झी नावाच्या बेल्जियन गृहस्थाने पॅरिसजवळ ताशी १०५ किलोमीटरांहून अधिक वेग गाठला. शंभराचा आकडा ओलांडणारी रस्त्यावरची ती पहिली मोटार, आणि ती विजेची होती. लंडन आणि न्यूयॉर्क या दोन्ही शहरांत १८९७ सालीच विजेच्या भाड्याच्या गाड्या धावू लागल्या होत्या.

त्या काळची पेट्रोलची मोटार म्हणजे एक संकटच होते. पुढे उभे राहून लोखंडी हँडल गरागरा फिरवावे, तेव्हा कुठे ती सुरू व्हायची. आणि इंजिनाने उलट हिसका दिला तर फिरवणाऱ्याचे मनगट मोडायचे. धूर, दुर्गंधी, खडखडाट हे वेगळेच. विजेची गाडी मात्र कळ दाबताच निमूट चालू लागे. फोर्डच्या पेट्रोलच्या मोटारींनी पुढे जग जिंकले, पण त्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा स्वतः 'डेट्रॉइट इलेक्ट्रिक' ही विजेचीच गाडी चालवीत असे!

मग ही सुलक्षणी गाडी हरली कशी? याचे उत्तर हिशेबाच्या वहीत आहे. फक्त वहीची सगळी पाने उलटून पाहिली पाहिजेत.

पहिले पान इंधनाचे. पेट्रोल हे आरंभी कोणालाच नको असलेले द्रव्य होते. खनिज तेल गाळायचे ते आपल्या आज्यांच्या कंदिलात जळणाऱ्या रॉकेलसाठी. त्यातून निघणारे पेट्रोल पुष्कळदा नदीनाल्यांत सोडून देत. १९०१ च्या जानेवारीत टेक्सासमधील स्पिंडलटॉप येथे तेलाचे प्रचंड कारंजे उडाले आणि तेलाचे भाव कोसळले. पुढे मोटारी वाढल्या, पेट्रोल कमी पडू लागले, तेव्हा १९१३ साली विल्यम बर्टन या रसायनज्ञाने जड तेलाचे उष्णतेने व दाबाने तुकडे करून त्यातून पेट्रोल काढण्याच्या रीतीचे पेटंट मिळवले. तेवढ्याच तेलातून जवळजवळ दुप्पट पेट्रोल निघू लागले.

वीज त्या मानाने महाग. पण तिचीही एक गंमत होती. शिकागोत वीज विकणारा सॅम्युएल इन्सल हा एके काळी एडिसनचा चिटणीस होता. १८९४ साली तो इंग्लंडातल्या ब्रायटन गावी गेला असता, तिथली लहानसहान दुकानेसुद्धा दिव्यांनी उजळलेली पाहून त्याला कुतूहल वाटले. वीज किती जाळली एवढेच न मोजता एका वेळी जास्तीत जास्त किती मागितली, हेही मोजून तेथे दर लावीत. इन्सलला मर्म सापडले. विजेचा खरा खर्च कोळशापेक्षा यंत्रांचा. ती संध्याकाळी राबतात आणि मध्यरात्री रिकामी बसतात. त्या वेळी कोणी वीज घेईल तर ती स्वस्तात देणे परवडते. रात्री तबेल्यात उभी राहून बॅटरी भरून घेणारी मोटार म्हणजे वीजकंपनीला घरबसल्या लाभलेले गिऱ्हाईक!

दुसरे पान भांडवलाचे. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ मध्ये ८५० डॉलरला निघाली आणि १९२५ पर्यंत तीनशेच्या आत आली. १९१२ साली पेट्रोलची साधी मोटार ६५० डॉलरला मिळत असताना विजेच्या मोटारीला १,७५० मोजावे लागत. दाजींचे तीन लाख ते हेच!

त्याच १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसला. हँडल गेले, मनगटे वाचली. दैवाचा खेळ पाहा, एक छोटी बॅटरी आणि एक छोटी मोटर पेट्रोलच्या गाडीत जाऊन बसली, आणि विजेच्या गाडीचा मोठा गुण हिरावला गेला. घरच्याच माणसाने किल्ल्याचा दिंडीदरवाजा उघडावा, तसे झाले.

तिसरे पान सोयीचे, आणि माझ्या मते तेच निर्णायक ठरले. ज्याचा स्वतःचा बंगला, त्याच्या गाडीखान्यात बॅटरी भरण्याचे यंत्र बसे. इतरांना सार्वजनिक गॅरेजात महिन्याचे पैसे भरून गाडी ठेवावी लागे. आणि खेड्यांचे काय? १९३० च्या सुमारासही अमेरिकेतल्या दहा शेतघरांपैकी जेमतेम एका घरी वीज पोचली होती. पेट्रोलचा डबा मात्र वाण्याच्या दुकानात मिळे. शेतकऱ्याला विजेचा मैल कितीही स्वस्त पडला असता, तरी तो त्याला मिळणार कुठून?

या तिन्ही पानांचा मेळ घालणारी एक योजना त्याच काळात होऊन गेली. हार्टफर्ड शहराच्या वीजकंपनीने १९१० नंतर मालमोटारींसाठी एक तोड काढली. गिऱ्हाइकाने गाडी घ्यावी ती बॅटरीवाचून, बॅटरी कंपनीची. संपली की भरलेली बसवून घ्यावी, दरमहा ठराविक रक्कम द्यावी आणि शिवाय जितके मैल चालेल तितके पैसे. भांडवलाचा बोजा कंपनीच्या अंगावर, मैलाचे मोल गिऱ्हाइकाच्या. १९२४ पर्यंत या गाड्या साठ लाख मैलांहून अधिक धावल्या. आज बॅटरी बदलून देणारी केंद्रे पाहून आपण थक्क होतो. ती कल्पना शंभर वर्षांपूर्वीची आहे.

स्वस्त पेट्रोलाच्या भरवशावर जग मग अर्धे शतक निर्धास्त धावले. मधे दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे पेट्रोलवर नियंत्रण आले आणि मोटारी पाठीवर कोळशाच्या भट्ट्या घेऊन धापा टाकीत धावल्या. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल रोखले. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला भाव काही महिन्यांत बारापर्यंत गेला. तेव्हा जगाला विजेच्या गाडीची आठवण झाली. पण तिची शिशाची बॅटरी जड होती आणि लांब पल्ल्याला अपुरी. लिथियमची हलकी बॅटरी बाजारात यायला १९९१ साल उजाडले.

आता वळू या भाच्याच्या कागदाकडे. लिटरभर पेट्रोलात सुमारे नऊ युनिटांची शक्ती साठलेली असते. पण इंजिन तिचा चौथा-तिसरा हिस्साच चाकांना देते, बाकीची उष्णता होऊन उडून जाते. विजेच्या मोटरीत गळती फार थोडी. त्यातच पेट्रोलच्या किमतीत करांचा वाटा मोठा. म्हणून किलोमीटरमागे भाच्याचे पाच रुपये वाचतात हे खरे.

पण तीन लाख भरून यायला साठ हजार किलोमीटर धावले पाहिजे. भाचा कामानिमित्त वर्षाला वीस हजार फिरतो. त्याचे तीन वर्षांत फिटतील. दाजी फिरतात पाच हजार. त्यांना बारा वर्षे लागतील! तेव्हा मी निकाल दिला : दोघेही बरोबर. दोघेही हसले, पण समाधान कोणाचेच झाले नाही.

माझेही नव्हते. कारण त्या कागदावर तिसरे पान नव्हतेच. बहिणीच्या अंगणात भिंतीला खटका आहे, म्हणून तिथे वीज दहा रुपयांना मिळते. चाळीत राहणाऱ्या टॅक्सीवाल्याने काय करावे? रस्त्यावरच्या जलद केंद्रात त्याला युनिटमागे वीस रुपये पडले, तर त्याचे शंभर किलोमीटर तीनशेला जातात. सर्वांत जास्त मैल तोडणाऱ्यालाच मैल महाग! १९१२ चा बंगलेवाला आणि खेड्यातला शेतकरी, दोघेही पुन्हा आपल्यापुढे उभे आहेत.

फरक एवढाच की या खेपेला वहीचे ते पान अजून कोरे आहे. २०२३ साली केंद्र सरकारने नियम बदलून उन्हाच्या तासांत वीज नेहमीपेक्षा स्वस्त द्यावी असे ठरवले. इन्सलची स्वस्त वीज मध्यरात्रीची होती, आपली भर दुपारची असेल. ती दुपार चाळीच्या दारापर्यंत आणि एस. टी. स्थानकाबाहेरच्या रिक्षाच्या रांगेपर्यंत पोचली, तर मैलाचे मोल खरोखर उतरेल. नाही तर वीज स्वस्त होईल, पण ज्यांच्याकडे अंगण आहे त्यांच्यापुरतीच.

एवढ्यात आतून बहिणीची हाक आली, "पानं वाढलीत, तुमची वही मिटा आता!" आम्ही वही मिटली. पण दुसऱ्या दिवशी निघताना पाहिले, तर भाच्याने त्या कागदाच्या खाली एक नवी ओळ लिहिली होती : 'कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला विचारणे.'