सुकाणू न फिरवता वळणारी बोट

परवा गेटवेहून मांडव्याला कॅटामरानने गेलो. जागा मिळाली ती वरच्या डेकवर, सारंगाच्या केबिनला लागून. धक्का जवळ आला तेव्हा वारा बोटीला बाजूला रेटत होता, शेजारी दुसरी बोट आणि उतरायला अर्धी पब्लिक आधीच उभी. पण सारंगाने सुकाणूला हातही लावला नाही! उजवं इंजिन पुढे, डावं मागे, आणि बोट जागच्या जागी डावीकडे वळली.

ही युक्ती आली कुठून? शोधायला बसलो तर गंमतच निघाली.

'कॅटामरान' हा शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून आला. म्हणजे नुसते बांधलेले ओंडके. दोन होड्या शेजारी जोडून रॉबर्ट फुल्टनने न्यूयॉर्कमध्ये १८१४ साली वाफेची युद्धनौका केली, पण पाणी कापणारं चाक ठेवलं दोन्हींच्या मधोमध. कारण तोफगोळ्यांपासून ते वाचावं. १८७४ ची 'कॅस्टेलिया' इंग्लिश खाडीत प्रवाशांना बोट लागू नये म्हणून जोडीची बांधली. तिचीही चाकं मधल्याच फटीत!

आता बोट हळू असली की सुकाणूवरून पुरेसं पाणी वाहत नाही, त्यामुळे त्याचा जोर लागत नाही. मग वळवायचं तर दोन उलट जोर लागतात, आणि तेही एकमेकांपासून लांब. हे ओळखून ब्रिटिश नौदलाने १९५७ पासून चक्क जुन्या पद्धतीच्या चाकांच्या टग बोटी बांधल्या. विमानवाहू जहाजं बंदरात हलवायला. दोन बाजूंना दोन चाकं, प्रत्येकाला स्वतंत्र वीज मोटर. एक पुढे, एक मागे, की टग जागेवर गर्रकन.

आजच्या कॅटामरानमध्ये हे दोन्ही धागे एकत्र आलेत. प्रत्येक होडीत एक इंजिन, मध्ये भरपूर अंतर. पंखा उलटा फिरताना कमी ढकलतो, म्हणून मागे घेणाऱ्या इंजिनाला थोडं जास्त द्यावं लागतं. शिवाय बोट पाण्यात उथळ आणि वर उंच, त्यामुळे वारा तिला चटकन ढकलतो. विचार करत बसायला वेळच नसतो.

म्हणजे होड्या जोडल्या तोफगोळे नि उलट्यांसाठी, आणि वळण मिळालं बोनस! आमच्या प्रोजेक्टमध्ये असं कधी होत नाही. असो.

परतीच्या फेरीत धक्का आला तसे सगळे उतरायला सरकले. मी मात्र सारंगाच्या हातांकडे बघत बसलो होतो.