बालन्यायालय आणि समाजकार्याचे शिक्षण : मुंबईतील आरंभाविषयी एक टिपण

मुंबई इलाख्यात मुलांसंबंधीचा कायदा १९२४ साली संमत झाला. मद्रास आणि बंगाल या प्रांतांनी अनुक्रमे १९२० व १९२२ साली हे पाऊल उचललेले होते. पुढे १९२७ साली चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन होऊन मुंबईत बालन्यायालयाच्या कार्यास आरंभ झाला. परंतु या न्यायालयाची सारी भिस्त एका गृहीतावर होती. निर्णयापूर्वी कोणीतरी मुलाच्या घरी जावे, त्याची परिस्थिती न्याहाळावी आणि न्यायाधीशापुढे अहवाल ठेवावा, हे ते गृहीत होय. असा मनुष्य घडविणारे विद्यालय त्या वेळी देशात कोठेही नव्हते. कायदा आधी आला, तो चालविणाऱ्यांचे शिक्षण मागाहून!

ही उणीव भरून काढण्यास १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय (आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था) सुरू झाले. त्याचे पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे. नागपाड्याच्या वस्तीत १९२६ साली त्यांनी चालू केलेल्या नेबरहुड हाऊसमध्येच या विद्यालयाचा जन्म झाला, ही गोष्ट केवळ योगायोगाची मानता येत नाही. वस्तीतील तरुणांत मिसळून काम करणे हे या शिक्षणाचे एक मूळ, तर न्यायालयाकरिता चौकशी करणे हे दुसरे. पहिल्यात कार्यकर्ता मुलाचा सोबती असतो, दुसऱ्यात तो कायद्याचा डोळा होतो. एकाच विद्यार्थ्याने दोन्ही व्हावे, ही अपेक्षा वाटते तितकी सोपी नव्हे. संस्थेस विद्यापीठसमान दर्जा १९६४ साली लाभला. तोपर्यंत येथे पदवी नव्हे, पदविकाच मिळत असे.

प्रस्तुत लेखक भाषाशास्त्राचा अभ्यासक असल्याने त्याचे लक्ष संज्ञांकडे वळणे स्वाभाविक आहे. ‘बालगुन्हेगार’ या शब्दातील ‘गार’ हा फारसी प्रत्यय कर्तृत्व दर्शवितो. कृत्य जणू मुलाच्या अंगीच जडते. याउलट आजच्या कायद्याचा मराठी शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’ असा आहे. उच्चारास तो जड आहे खरा. पण ‘ग्रस्त’ या पदाने मुलाला पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त यांच्या पंक्तीस बसविले आहे. येथे तो कर्ता उरत नाही; त्याच्यावर काहीतरी ओढवलेले असते.

शब्द असा मवाळ झाला म्हणून कायदाही मवाळ झाला, असे मात्र नाही. २०१५ च्या अधिनियमाने सोळा ते अठरा वर्षे वयाच्या मुलावर अतिगंभीर अपराधाबद्दल प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची वाट मोकळी केली. तत्पूर्वी बाल न्याय मंडळाने त्या मुलाच्या शारीरिक व मानसिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यांकन करावयाचे असते. त्यासाठी मानसशास्त्रज्ञांचे आणि मनोसामाजिक कार्यकर्त्यांचे साहाय्य घेण्याची मुभा आहे. मुलाचा सोबती होण्याचे शिक्षण घेतलेल्या पदवीधराचे मत आता तो मूल गणला जावा की प्रौढ, या प्रश्नावरच मागविले जाऊ शकते.