झिरो डे: डोंगरातून गावात, गावातून डोंगरात

आजचा भाग चालण्याच्या इतिहासाबद्दल आहे, पण खरं सांगायचं तर तो न चालण्याबद्दल आहे.

अमेरिकेच्या पूर्व भागात जॉर्जियापासून मेनपर्यंत डोंगररांगेवरून जाणारी एक पायवाट आहे, अ‍ॅपलेशियन ट्रेल. लांबी साधारण २,१९० मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर. सलग चालायला निघालेल्याला पाच ते सात महिने लागतात. एवढ्या दिवसांचा शिधा काही कुणी पाठीवर घेऊन निघत नाही. त्यामुळे दर चार-पाच दिवसांनी खाली एखाद्या गावात उतरायचं, अंघोळ करायची, कपडे धुवायचे, पोटभर जेवायचं, पिशवी भरायची. आणि अंग फारच बोलायला लागलं तर एक दिवस मुक्काम. त्या दिवशी चाललेले मैल शून्य, म्हणून त्याचं नाव ‘झिरो’.

आता गंमत बघा. ज्या माणसाच्या डोक्यातून ही वाट निघाली, त्याने हिशोब नेमका उलटा मांडला होता.

त्याचं नाव बेंटन मकाय. पेशाने वनाधिकारी. १९२१च्या एप्रिलमध्ये त्याची पत्नी जेसी, जी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी कार्यकर्ती होती, न्यूयॉर्कच्या ईस्ट रिव्हरमध्ये बुडून गेली. मकाय पार कोलमडला. चार्ल्स व्हिटेकर हा त्याचा मित्र वास्तुविशारदांच्या एका नियतकालिकाचा संपादक होता. त्याने मकायला न्यू जर्सीच्या ग्रामीण भागात बोलावून घेतलं. तिथल्या मुक्कामात या कल्पनेने आकार घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये व्हिटेकरच्या नियतकालिकात मकायचा लेख छापून आला.

तो लेख ट्रेकरांसाठी नव्हताच. मकायच्या डोळ्यांसमोर होता तो कारखान्यात आणि शहरात पिचलेला माणूस. डोंगरमाथ्यावर वाट असेल, वाटेवर निवारे असतील, जवळ छोट्या वसाहती आणि शेती-छावण्या असतील, आणि शहरातला माणूस थोड्या दिवसांच्या सुट्टीत तिथे येऊन श्वास घेईल. म्हणजे दमवणार शहर आणि विसावा देणार डोंगर!

पण योजना कागदावर राहतात आणि वाटा माणसं पाडतात. मायरन एव्हरी नावाच्या वकिलाने स्वयंसेवकांना हाताशी धरून, मापाचं चाक ढकलत ढकलत हे काम तडीस नेलं. १९३७मध्ये वाट पूर्ण झाली. तोवर मकाय आणि त्याचं चांगलंच बिनसलं होतं. वसाहती आणि शेतं राहिली बाजूला. उरली वाट आणि निवारे.

मग अकरा वर्षांनी अर्ल शेफर आला. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमध्ये होता. ज्या मित्राबरोबर ही वाट चालायची ठरवली होती, तो इवो जिमाच्या लढाईत गेला. १९४८मध्ये शेफर एकटाच निघाला आणि १२४ दिवसांत मेनच्या कटाह्‌डिन शिखरावर पोचला. सुरुवातीला जाणकारांचा विश्वासच बसेना. त्यानंतर १९५५मध्ये ओहायोच्या एमा गेटवुड आजी आल्या. वय ६७, अकरा मुलांची आई, नवऱ्याचा मार खाऊन वर्षं काढलेली बाई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसासाठी न्हाणीघरातला पडदा. तंबू नव्हता. रात्र पडली की निवारा, नाहीतर वाटेतलं कुणाचं तरी घर. दार ठोठवायचं, कुणी पोटभर वाढायचं, कुणी हाकलून द्यायचं.

मला वाटतं, मकायचा हिशोब उलटला तो इथे. दोन आठवड्यांच्या पाहुण्याला डोंगर विश्रांती देतो. पाच महिने चालणाऱ्याला तोच डोंगर दमवतो, आणि त्याचा विसावा असतो गावात.

मग गावंही त्या हिशोबात आली. व्हर्जिनियातलं डमॅस्कस घ्या. हजाराच्या आतली वस्ती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लाकूडतोडीचा धंदा जोरात होता, आसपासचे डोंगर बोडके झाले. मग लाकूड संपलं, आणि १९७७मध्ये शेवटची आगगाडीही गेली. पण ट्रेल गावाच्या मुख्य रस्त्यावरूनच जाते. वाटेच्या पांढऱ्या खुणा तिथे झाडांऐवजी खांबांवर आहेत. चर्चने चालणाऱ्यांसाठी मुक्कामाचं घर काढलं. १९८७मध्ये, वाटेला पन्नास वर्षं झाली तेव्हा, ‘ट्रेल डेज’ नावाची जत्रा सुरू झाली. ज्या डोंगराने लाकूड दिलं, त्यानेच आता गिऱ्हाईक दिलं.

२७ सप्टेंबर २०२४ला हेलेन वादळाच्या पुराने डमॅस्कस झोडपलं. तिकडे नॉर्थ कॅरोलायनात, हॉट स्प्रिंग्ज गावच्या ज्या रस्त्यावरून ट्रेल जाते, त्याच रस्त्यावर नदी आली. बातम्यांत तुटलेल्या वाटेचे फोटो खूप आले. वाटेवर पडलेली झाडं स्वयंसेवक करवतीने कापतात. दुकान, खाणावळ, कपडे धुण्याची जागा अशी परत उभी राहत नाही. आणि ती नसेल तर पुढच्या चार दिवसांचा शिधा आणायचा कुठून?

आता परत निघण्याचं. जेमतेम चारातला एक जण ही वाट पुरी करतो. जंगलाच्या मध्यातून थेट घरी जाता येत नाही. घरी जाणारी बस गावातून सुटते. म्हणून गादी, गरम पाणी आणि बसथांबा एकाच ठिकाणी असणं फार धोक्याचं! एक झिरो घेतला की दुसरा घ्यावासा वाटतो. शिवाय पिशवी सगळ्यात जड असते ती गावातून निघतानाच, आणि गावं असतात खोऱ्यात, म्हणजे पहिलं पाऊल चढावर.

मेनमधलं मॉन्सन हे उत्तरेकडे जाणाऱ्यांचं असं शेवटचं गाव. तिथून पुढे ‘हंड्रेड माइल वाइल्डरनेस’ सुरू होतं. वाटेच्या तोंडाशी पाटी आहे: किमान दहा दिवसांचा शिधा असल्याशिवाय पुढे जाऊ नका. चार महिने चालून आलेला माणूस ती पाटी वाचतो, खांद्याचे पट्टे आवळतो, आणि झाडीत शिरतो.