शनिवारची दुपार आणि कामगाराचे काळीज

श्रोतेहो, इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह डोळ्यांपुढे येतात. आज आम्ही ज्या गर्दीचा इतिहास सांगणार आहोत, तिने कोणतेही राज्य जिंकले नाही. ती नव्वद मिनिटे उभी राहिली, ओरडली, रडली, आणि काही वेळा तिच्यातली माणसे घरी परतलीच नाहीत. फुटबॉलच्या संघावर जीव लावणाऱ्या माणसांची ही गर्दी.

तिचा जन्म कारखान्याच्या दारात झाला. १८५० च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील स्त्रिया व अल्पवयीन यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबले, आणि त्यांच्यावाचून यंत्रे चालेनात म्हणून पुरुषांचेही थांबले. (आमच्या मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळण्यास नारायण मेघाजी लोखंड्यांच्या चळवळीनंतर १८९० साल उजाडावे लागले, हे येथे आठवल्याशिवाय राहवत नाही.) त्या मोकळ्या दुपारी खेळ उभा राहिला. मँचेस्टर युनायटेडचे मूळ १८७८ च्या रेल्वे कामगारांत, आर्सेनलचे १८८६ च्या वुलिच येथील शस्त्रागारातील कामगारांत, वेस्ट हॅमचे १८९५ च्या जहाजबांधणीच्या कारखान्यात. संघ हा त्या वस्तीचाच होता. म्हणून तो हरला की वस्ती हरे.

या प्रेमाची किंमत शरीर मोजते. १९९८ च्या ३० जूनला विश्वचषकात इंग्लंड अर्जेंटिनाकडून पेनल्टींवर हरले. त्या दिवशी व पुढील दोन दिवसांत इंग्लंडच्या इस्पितळांत हृदयविकाराच्या झटक्याने दाखल झालेल्यांची संख्या नेहमीपेक्षा २५ टक्क्यांनी वाढली, असे पुढे संशोधकांनी दाखविले. २००६ च्या विश्वचषकात म्युनिक परिसरात जर्मनीचा सामना ज्या दिवशी असे, त्या दिवशी हृदयाच्या तातडीच्या तक्रारी अडीच पटींहून अधिक होत. पुरुषांत तिपटीहून अधिक. ज्यांना आधीच हृदयविकार होता त्यांना धोका सर्वांत जास्त. यात नवल ते काय? खेळाडू धावून मोकळा होतो. प्रेक्षकाचे रक्त चढते, नाडी धावते, सगळा देह लढाईला सज्ज होतो, आणि पाय मात्र जागच्या जागी. यंत्राची वाफ कोंडली तर काय होते, हे बॉयलरवर काम केलेल्याला सांगावे लागत नाही.

आपल्या देशात याची सर्वांत मोठी साक्ष कोलकाता देते. १९११ च्या २९ जुलैला मोहन बागानने बहुतांशी अनवाणी खेळाडूंनिशी ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवले, तेव्हा बंगालने तो साम्राज्याचा पराभव मानला. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडून आलेल्या निर्वासितांना ईस्ट बंगाल हा क्लब हरवलेल्या गावासारखा झाला. मग दोन संघांची झुंज ही दोन घरांची झुंज झाली. १९७५ च्या ३० सप्टेंबरला ईस्ट बंगालने मोहन बागानला ५-० ने धूळ चारली, आणि मोहन बागानच्या एका तरुण चाहत्याने त्या दुःखात जीव दिला. १९८० च्या १६ ऑगस्टला ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात मैदानावरील धसमुसळेपणा गॅलरीत पसरला, चेंगराचेंगरी झाली आणि १६ माणसे गेली. त्या तारखेला रक्तदान करण्याचा प्रघात पुढे तेथे पडला.

आता जे सांगतो ते केवळ भावनेचे नाही. माणूस आवेशात असतो हे मैदानाच्या मालकांस ठाऊक होते, आणि त्या आवेशावरच ते तिकिटे विकत. १९४६ च्या ९ मार्चला बोल्टनच्या बर्नडन पार्कवर बोल्टन विरुद्ध स्टोक असा सामना होता. युद्ध नुकतेच संपलेले, स्टोककडून स्टॅन्ली मॅथ्यूज खेळणार, लोक लोटले. सुमारे ८५ हजार माणसे आली असावीत, असा अंदाज आहे. दारे बंद झाल्यावरही माणसे आत घुसत राहिली, रेटा वाढला, लोखंडी कठडे मोडले आणि ३३ जण गुदमरून, चिरडून मेले. खेळ थोडा वेळ थांबला. मग प्रेते सीमारेषेजवळ कोटांखाली झाकलेली असताना, लाकडाच्या भुश्याने नवी रेषा आखून तो पुन्हा सुरू झाला, आणि ०-० असा संपला. श्रोतेहो, ते शून्य आम्हांला कोणत्याही गोलपेक्षा मोठे वाटते.

सरकारने चौकशी केली. गर्दीला मर्यादा घाला, मैदानांना परवाना लावा, असे अहवालाने सांगितले. अहवाल कपाटात गेला. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर १९०२ मध्ये लाकडी गॅलरी कोसळून माणसे मेली होती. तेथेच १९६१ मध्ये एका जिन्यावर दोघे मेले, आणि १९७१ च्या २ जानेवारीला त्याच जिन्यावर ६६. तेव्हा कोठे १९७५ चा मैदान-सुरक्षा कायदा झाला. बोल्टनपासून मोजले तर २९ वर्षे.

गिरणीत पट्ट्यात हात गेला की पहिला शेरा काय पडतो? "कामगाराचा निष्काळजीपणा." असे शेरे वाचता वाचता आमचे केस पांढरे झाले. शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची चेंगराचेंगरी झाली, तेव्हाही पोलिसांनी बोट दाखविले ते प्रेक्षकांकडेच: दारू प्यालेले, उशिरा आलेले, हुल्लडबाज. न्यायमूर्ती टेलर यांच्या चौकशीने त्याच वर्षी पोलिसांच्या नियंत्रणातील चूक हे मुख्य कारण ठरविले, तरी तो डाग पुसला गेला नाही. मृतांच्या आया, बाप, बहिणी यांनी शांतपणे, चिकाटीने कागद गोळा केले. आमच्या संघटनांनी त्यांच्याकडून शिकावे असे ते काम होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्यूरीने निर्णय दिला की, ती माणसे बेकायदेशीरपणे मारली गेली आणि पाठीराख्यांचा दोष नव्हता. त्या वेळी मृतांचा आकडा ९६ होता. त्या दुपारी जखमी झालेल्या एकाचा अंत २०२१ मध्ये झाला, आणि तो ९७ झाला.