बुद्धिबळाच्या ग्रंथाची घडण

ज्या ग्रंथाचा वाचक एका हाताने मोहरा हलवितो, दुसऱ्या हाताने पान सावरतो, आणि ज्याची दृष्टी क्षणोक्षणी पुस्तकावरून पटावर व पटावरून पुस्तकावर येरझारा घालीत असते, त्या ग्रंथाची घडण इतर ग्रंथांसारखी असून भागत नाही. पान उलटताना चालींचा अनुक्रम तुटला, किंवा आकृती एका पानावर आणि तिचे विवेचन दुसऱ्या पानावर गेले, की मनात प्रयासाने उभी केलेली स्थिती विस्कटते. बुद्धिबळाच्या अध्ययनग्रंथांचा इतिहास हा मुख्यतः ही येरझार सुकर करण्याच्या खटपटीचा इतिहास आहे. आणि तिचे श्रेय ग्रंथकारांच्या प्रज्ञेइतकेच छापखान्यात खिळे जुळविणाऱ्या कारागिरांनाही दिले पाहिजे.

कॅस्टिलचा राजा दहावा आल्फोन्सो याच्या आज्ञेने १२८३ मध्ये सेव्हिल येथे सिद्ध झालेल्या खेळांच्या हस्तलिखितात बुद्धिबळाची १०३ कूटे रंगीत चित्रांसह दिली आहेत. परंतु असा राजग्रंथ दरबाराबाहेरच्या अभ्यासकाच्या हाती पडणे दुरापास्तच होते. १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेला लुसेनाचा ग्रंथ हा या विषयावरील आज उपलब्ध असलेल्या मुद्रित अध्ययनग्रंथांत सर्वांत जुना होय. वजिराला दूरवर धाव घेण्याची मुभा देणारी नवी रीत तेव्हा नुकतीच रूढ होत होती, म्हणून प्रत्येक कूट जुन्या रीतीचे की नव्या, हे लुसेनाने आकृतीबरोबरच नमूद केले. वाचकाची अडचण आधी ओळखून तिची तजवीज पानावरच करण्याचा हा आरंभीचा उत्तम दाखला आहे.

आकृतीचा प्रश्न असा सुटला, तरी चाल लिहावी कशी, हा प्रश्न उरलाच. फिलिदोरने १७४९ च्या आपल्या विख्यात ग्रंथात राजाचे प्यादे दोन घरे, अशा धाटणीची वर्णने वापरली. त्याच्या बारा वर्षे आधी, १७३७ मध्ये, आलेप्पोच्या फिलिप स्टॅमाने पॅरिसमध्ये शंभर अंतिम स्थितींचा संग्रह प्रसिद्ध करून प्रत्येक घराला एक अक्षर आणि एक अंक बहाल केला होता. त्याची पद्धत अधिक सुटसुटीत असूनही इंग्रजी ग्रंथांनी दीर्घकाळ वर्णनात्मक लेखनच पत्करले. त्यात एकाच घराला पांढऱ्याच्या बाजूने एक व काळ्याच्या बाजूने दुसरे नाव असल्यामुळे वाचकाला प्रत्येक चालीगणिक मनातल्या मनात पट फिरवावा लागे. जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९८१ पासून अक्षरांकांची पद्धतच अधिकृत मानली, तेव्हा कुठे हा घोळ मिटण्याच्या मार्गाला लागला.

या इतिहासात आपल्या मुंबईचेही एक पान आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर १८१४ मध्ये मुंबईत छापले गेले. युरोपीय रीतीच्या खेळाला अनुसरून निवडलेल्या बिकट स्थितींनी शिकाऊ खेळाडूची सुधारणा व्हावी आणि स्मृतीला व्यायाम घडावा, हा हेतू त्याच्या मुखपृष्ठावरच सांगितला आहे. पुस्तक चाळण्यासाठी नसून पट मांडून सोडविण्यासाठी आहे, ही जाणीव येथील पंडितालाही तितकीच स्पष्ट होती.

खिळ्यांच्या छपाईत आकृती घराघराने जुळवीत. सहा प्रकारचे मोहरे, त्यांचे दोन रंग आणि घरांचे दोन रंग मिळून चोवीस, शिवाय दोन रिकामी घरे, अशा सव्वीस प्रकारच्या खिळ्यांतून चौसष्ट घरांचा पट उभा राही. एक खिळा चुकला तर वाचकाचा सगळा श्रम वाया जाई. म्हणून या ग्रंथांच्या मुद्रितशोधनाला हिशेबी दफ्तराइतकीच दक्षता लागे.

बिल्गेरने आरंभिलेला आणि त्याच्या मृत्यूनंतर फॉन डेर लासाने पूर्णत्वास नेलेला जर्मन हँडबुख १८४३ मध्ये निघाला. त्याने डावांचे प्रारंभ कोष्टकांत मांडले, आणि तेव्हापासून वाचण्याचा ग्रंथ व शोधण्याचा ग्रंथ असे दोन वर्ग पडले. पहिल्यात विवेचन चालीला चिकटून हवे; दुसऱ्यात पोटभेद स्तंभास्तंभाने असे लागावेत, की हवी ती चाल नजरेला चटकन सापडावी. १९६६ पासून बेलग्रेडहून निघालेल्या इन्फॉर्मेटर या नियतकालिकाने तर मोहऱ्यांची चित्रे व मूल्यमापनाची चिन्हे वापरून शब्दांना जवळजवळ रजाच दिली. त्यामुळे कोणत्याही भाषेच्या खेळाडूला ते वाचता येऊ लागले. हा लाभ मोठा खरा, तथापि अमुक बाजू सरस आहे असे सांगणारे चिन्ह ती का सरस आहे हे सांगत नाही, आणि नवशिक्याला तर कारणाचीच भूक असते.

जाणते अभ्यासक मुख्य डावासाठी एक पट आणि पोटभेदांसाठी दुसरा लहान पट मांडतात, पुढच्या चाली कागदाच्या पट्टीने झाकून ठेवतात, आणि पटाशेजारी सपाट उघडी राहणारी, शिवणीच्या बांधणीची प्रत पसंत करतात. या सवयींना साहाय्य करणे हे मुद्रकाचे काम. परंतु आकृती नेमकी कोणत्या चालीनंतर घालावी, हा निर्णय ग्रंथकाराचा. पाने सजविण्यासाठी पेरलेल्या आकृत्यांचा उपयोग थोडा. जिथे विद्यार्थ्याने थबकून, पट्टी न सरकविता, स्वतःची चाल शोधावी, तिथेच आकृती असली पाहिजे, कारण त्या एका निर्णयात ग्रंथकाराचे अध्यापनकौशल्य कसाला लागते.